डब्यातलं पातं

आम्ही शिकलगार. धार लावणं हा आमचा पिढीजात धंदा. आमचं गाव वरठी म्हणून सांगितलं तर बाहेरचा माणूस गोंधळतो. ‘भंडारा रोड’ म्हटलं की त्याला कळतं, कारण हावडा-मुंबई मार्गावरच्या आमच्या स्टेशनाच्या पाटीवर तेच नाव आहे. नव्या पिढीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना सांगितला की पुरतं. तिथं पोलाद टनांनी निघतं आणि आपण तोळ्या-तोळ्यानं घासतो, असं अब्बा हसून म्हणत. धानकापणीच्या आधी विळे, लग्नसराईत शिंप्यांच्या कात्र्या आणि बकरी ईदच्या आधी सुऱ्या, असं आमचं वर्ष जातं.

दुकानातल्या वरच्या फळीवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात चिंधीत गुंडाळलेलं बाणाचं एक पातं आहे. बोटभर लांब, पिंपळाच्या पानासारखं, एका बाजूनं वाकलेलं. दादाजाननी ते ठेवलं, मग अब्बांनी ठेवलं, आता आम्ही दोघे भाऊ ठेवतो. त्याला धार लावायची नाही आणि ते विकायचंही नाही, एवढं आम्हांला सांगून ठेवलेलं आहे.

गेल्या हिवाळ्यात हा डबा खाली काढावा लागला. आम्हा दोघा भावांत मुलगा एकच. एकाला तो अब्बा म्हणतो, दुसऱ्याला बडे अब्बा. नागपूरला शिकतो. तिथंच त्याला तिरंदाजीचा नाद लागला. कप्प्या लावलेलं नव्या धर्तीचं धनुष्य त्यानं पैसे साठवून घेतलं. सुट्टीत घरी आला तो सरळ दुकानात येऊन बसला आणि मोबाइलवर चित्रं दाखवू लागला. चित्रं बाणाच्या पात्यांची होती.

“बडे अब्बा, हरणासाठी यातलं कोणतं घ्यावं?”

आता खरं सांगायचं तर त्या क्षणी आम्हांला ‘हरणासाठी’ हा शब्द ऐकूच आला नाही. आम्ही पात्यांत गुंतलो. आयुष्यभर धार लावणाऱ्या माणसाला कोणी नवं हत्यार दाखवलं की त्याचे हात शिवशिवतात. तासभर आम्ही तिघांनी त्या चित्रांचा कीस काढला. काही पाती दोन धारांची, जुन्या पद्धतीची, अखंड पोलादाची. काही तीन धारांची, बोथटली की बदलता येणारी. काही तर मिटलेलीच असतात. आपटल्यावर त्यांचे पंख उघडतात. वजन ग्रेनमध्ये मोजतात. शंभर ग्रेन म्हणजे सुमारे साडेसहा ग्रॅम, अर्ध्या तोळ्याहून थोडं जास्त.

आम्ही आमचं मत दिलं. उघडणारं पातं दिसायला मोठं, पण उघडण्यातच बाणाची काही ताकद खाऊन टाकतं. हलक्या धनुष्याला ते नको. तीन धारांची जखम रुंद, पण तिन्ही धारा सारख्या लावणं कठीण. दोन धारांचं अखंड पातं खोल जातं, हाडाला लागलं तरी टिकतं आणि सहाणेवर सपाट बसतं. मात्र मोठं स्थिर पातं हवा धरतं. धनुष्य आणि बाण एकमेकांना नीट जुळलेले नसतील तर बाण भलतीकडे जातो. तेव्हा सरावाच्या टोकानं नेम बसला म्हणजे पात्यानंही बसेल, असं धरून चालू नये.

पोरगा खूश झाला. म्हणाला, “मित्राचं शेत कोक्याच्या जंगलाला लागून आहे. रात्री चितळं धानात उतरतात. एकच मारायचं. कोणाला कळणार?”

तेव्हा आम्ही भानावर आलो. चाक थांबवलं आणि डबा खाली काढला.

गोष्ट दादाजानच्या काळातली, १९७२ चा वन्यजीव कायदा येण्यापूर्वीची. तेव्हा ते भट्टीही चालवत. कोक्याकडचा एक गोंड शिकारी त्यांच्याकडून पाती घडवून नेई. बाणाचं लोखंडी पातं आपल्या भागाला काही नवं नाही. नागपूरजवळच्या माहुरझरीला महापाषाणकाळातल्या दफनांत लोखंडाची हत्यारं निघाली आहेत आणि पेंच नदीकाठच्या नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली आहे. म्हणजे अडीच हजार वर्षांहून जुना हा व्यवहार. भट्टीवाल्यानं पातं घडवायचं, रानातल्या माणसानं ते चालवायचं. दादाजान मोटारीच्या पाट्याचं पोलाद वापरत. ते तापवून, ठोकून, पाणी पाजून, मग कानशीनं आणि सहाणेवर धार काढत.

त्या वर्षी बकरी ईद तोंडावर आलेली. सुऱ्यांचा ढीग पडलेला. शिकारी पाच पाती मागायला आला. पोलाद चारांपुरतंच होतं. दादाजाननी पाचवं पातं बैलगाडीच्या धावेच्या लोखंडाचं केलं. ते नरम लोखंड. पाणी पाजूनही कडक होत नाही. वरवर कानस मारली आणि देऊन टाकलं. नेमकं तेच पातं चितळाला लागलं. बरगडीवर वाकलं, आत खोल गेलं नाही. जनावर बाण घेऊन पळालं. शिकारी दोन दिवस रक्ताच्या मागावर हिंडला. तिसऱ्या दिवशी ते नाल्यात सापडलं. मांस कुजलेलं होतं. तो वरठीला आला, पातं ऐरणीवर ठेवलं आणि एवढंच म्हणाला, “धारच नवती, मियाँ.” पैसे परत मागितले नाहीत. दादाजानना तेच जास्त लागलं.

बंदुकीच्या गोळीचा धक्का असतो, तसा बाणाचा नसतो. बाण मारतो तो रक्त सांडून. धार वस्तऱ्यासारखी असेल आणि ती छातीत, काळीज-फुफ्फुसांत गेली, तर जनावर थोडक्यात पडतं. धार बोथट असेल किंवा बाण पोटात लागला, तर ते तासन् तास, दिवस दिवस मरत राहतं. म्हणून तर जिथं धनुष्यानं शिकार करायला परवानगी आहे, तिथंही पात्यावर नियम आहेत. अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत पातं किमान पाऊण-एक इंच रुंद कापणारं हवं, धनुष्याचा ताण अमुक हवा, उलट्या काट्यांचं पातं चालणार नाही, असं कायद्यात लिहिलेलं असतं. ब्रिटननं तर धनुष्यानं वन्य प्राणी मारायलाच बंदी घातली आहे.

पोरगा शिकलेला. त्यानं लगेच विचारलं, “पण शिकार तर हलाल आहे ना? आणि आपण कुर्बानी करतोच की.”

प्रश्न खोटा नव्हता. शिकार हलाल आहे, पण अटींवर. हातिमताईचा मुलगा अदी यांनी रसूलुल्लाहना बिनपिसांच्या जाड बाणाबद्दल विचारलं होतं. उत्तराचा आशय असा की, टोकानं भोसकलं गेलं तर खा. आडवा लागून जनावर माराने मेलं तर ते खायचं नाही. अल्लाहचं नाव घेऊन बाण सोडला तरी धारेची अट सुटत नाही. बाण लागलेलं जनावर पाण्यात बुडून मेलेलं सापडलं, तरी ते सोडून द्यायचं. जबह करताना सुरी तेज करा, जनावराला आराम द्या, ही शिकवण तर आमच्या धंद्याचा पायाच आहे. बकऱ्याची मान आपल्या हाताखाली असते, सुरी आपल्या हातात असते. बाण एकदा सुटला की आपला राहत नाही.

“मी नीट नेम धरीन,” तो म्हणाला. “आणि तुम्ही लावलेली धार बोथट कशी असेल?”

इथं आम्हांला अबू कतादा यांचा किस्सा आठवला. लहानपणी अब्बांनी तो याच दुकानात सांगितला होता. मक्केच्या वाटेवर साथी इहराममध्ये होते. ते एकटे नव्हते. रानगाढव दिसलं. घोड्यावर चढताना त्यांचा चाबूक राहिला. त्यांनी तो मागितला, पण इहराममधल्या साथींनी उचलून दिला नाही. शिकार झाल्यावर ते मांस खावं की नाही, असा प्रश्न आला, तेव्हा रसूलुल्लाहनी विचारलं की तुमच्यापैकी कोणी त्याला सांगितलं होतं का, बोट दाखवलं होतं का. नाही म्हटल्यावर खायची मुभा मिळाली. म्हणजे जिथं शिकार मना आहे, तिथं नुसतं बोट दाखवणाराही शिकारीत भागीदार होतो. मग धार लावून देणारा किती मोठा भागीदार!

आणि आज आपल्या रानात शिकार मना आहे. नागझिरा १९७० साली अभयारण्य झालं. कोकाही २०१३ मध्ये अभयारण्य झालं. परवाना काढून शिकार करायची जुनी वाट १९९१ च्या दुरुस्तीनं बंद झाली. पिकाचा नाश करणाऱ्या रानडुकरासाठी वनखात्याच्या परवानगीची तरतूद आहे, पण ती रीतसर मागावी लागते. शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे. त्यासाठी भरपाईचा अर्ज आहे. रात्री लपून मारलेलं चितळ म्हणजे चोरीचं मांस. ते बिस्मिल्लाह म्हणून शिजवलं म्हणून शुद्ध होत नाही.

पकडला गेला तर काय, ही भीतीही मनात होती. आमच्यासारख्यांच्या घरात तसलं मांस निघालं तर नाव एका पोराचं राहत नाही, मोहल्ल्याचं होतं. पण ते आम्ही बोललो नाही. भीतीपोटी दिलेला नकार तरुण पोरांना पटत नाही, आणि पटूही नये.

आम्ही एवढंच म्हणालो, “बाबा, सरावाची टोकं घे, पाहिजे तेवढी घे. पैसे आम्ही देऊ. तिरंदाजी ही सुन्नत आहे, ती सोडू नकोस. पण पात्याला धार आम्ही लावणार नाही. दुसरीकडून लावून आणलीस तर हे डब्यातलंही सोबत घेऊन जा.”

तो बराच वेळ ते वाकलेलं पातं हातात फिरवत बसला. कडेवरून नख फिरवून पाहिलं. मग चिंधीत गुंडाळून स्वतःच डबा फळीवर ठेवला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी गाडीला बसला. पुढचे महिने आम्ही त्याला काही विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही, हेही खरं.

या बकरी ईदला तो चार दिवस आधी आला. दुकानात सुऱ्यांचा ढीग पडला होता. बाही सरसावून चाकापाशी बसला. दुपारी मोहल्ल्यातली एक म्हातारी खाला सुरी न्यायला आली. घाईत होती. म्हणाली, “दे रे बेटा, चलेगा उतना.”

त्यानं सुरी उजेडात धरली, मनगटावरच्या केसावरून हलकेच फिरवली.

“अजून नाही लागली, खाला. थोडं बसा,” असं म्हणून त्यानं सुरी परत चाकावर धरली.