दोन चाकांचा तह

सुधारणा झाली की वेग वाढलाच पाहिजे, अशी आपली सर्वांची एक भाबडी श्रद्धा असते. कचेरीत नवे यंत्र आले, महाविद्यालयात नवा अभ्यासक्रम आला, की दुसऱ्या दिवसापासून सारे भराभर चालावे असे आपणांस वाटते. प्रत्यक्षात पुष्कळदा उलटेच घडते; आणि मग ‘जुने तेच बरे होते’ असा निवाडा देऊन आपण मोकळे होतो. या निवाड्यात घाई किती असते, याचा विचार मला गेल्या उन्हाळ्यात वीतभरही लांब नसलेल्या एका मोटारीने करावयास लावला.

मोटार माझ्या पुतण्याची. खऱ्या मोटारीच्या अठ्ठाविसाव्या हिश्शाची ही प्रतिकृती बिनतारी लहरींवर चालते. शिकवण्या करून साठविलेल्या पैशांतून त्याने तिच्या मागील आसावरचे डिफरन्शियल बदलले, आणि तेव्हापासून गाडी मंदावली. माझे थोरले बंधू पानमळ्यात राबणारे. ते म्हणाले, “चांगली पयत होती थे गाडी. पैसे घालून मंद केली, अन् याले सुदारना म्हनते!” वाद केवळ खेळण्याचा असता तर मी हसून सोडून दिला असता. परंतु मुलाला पुण्यास जाऊन यंत्रविद्या शिकावयाची आहे, आणि दादांना तो मळ्यात हवा आहे. मंदावलेली गाडी आयतीच दादांच्या बाजूची साक्षीदार झाली. पोरगा इतका खट्टू झाला की, जुना भाग परत बसवून प्रकरण मिटवावे असे म्हणू लागला.

डिफरन्शियल म्हणजे काय, हे समजण्यास वळणावरची बैलगाडी आठवावी. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा अधिक वाट चालावी लागते. बैलगाडीची चाके आसावर सुटी फिरतात, म्हणून तिला अडचण नाही. मूर्तिजापूरहून अंजनगावावरून अचलपुरास जाणारी आमची शकुंतला अडीच फुटी रुळांवर १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनाने चाले. आगगाडीची चाके आसाशी घट्ट जखडलेली असतात. पण त्यांची कड किंचित निमुळती असल्यामुळे वळणावर बाहेरचे चाक मोठ्या घेरावर आणि आतले लहान घेरावर धावते. मोटारीला यांपैकी एकही सोय नाही. तिची दोन्ही मागची चाके एकाच शक्तीने ढकलावयाची, आणि तरी त्यांना निरनिराळी वाट चालू द्यावयाची. हा पेच सोडविणाऱ्या दंतचक्रांच्या रचनेचे पेटंट ओनेसिफोर पेक्यूर या फ्रेंच यंत्रज्ञाने १८२८ साली वाफेच्या गाडीसाठी घेतले. तिचा नियम मोठा सुंदर आहे : एक चाक जेवढे मागे राहील तेवढेच दुसरे पुढे जाते, आणि दोघांची सरासरी कायम राहते. पुतण्याच्या गाडीच्या मागील चाकांत अंतर सहा सेंटिमीटरांचे. तिने एक पूर्ण फेरा घेतला की बाहेरचे चाक सुमारे अडतीस सेंटिमीटर अधिक चालते, मग फेरा परातीएवढा असो की अंगणाएवढा.

जुन्या भागात हे काम लहान दंतचक्रे करीत. नव्यात पोलादाच्या बारीक गोळ्या करतात. मोठ्या चक्राच्या भोकांत बसविलेल्या या गोळ्या दोन चकत्यांच्या मध्ये दाबलेल्या असतात, आणि दाब किती असावा हे एका स्क्रूने ठरते.

एका रविवारी आम्ही गाडी घेऊन महाविद्यालयाच्या लांब पडवीत गेलो. पंचवीस मीटरांची धाव पूर्वी पाच सेकंदांची होती, ती आता सहा सेकंदांची झाली होती. म्हणजे वेगाचा सहावा हिस्सा गेला होता. मी एकच अट घातली : एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची, आणि प्रत्येक वेळी घड्याळ लावावयाचे. विद्युत्घट पुन्हा पूर्ण भरला. फरक पडला नाही. मग गोळ्या घसरतात काय ते पाहिले. दोन्ही चाके घट्ट धरून मधले चक्र अंगठ्याने फिरवून पाहिले, ते हलेना. म्हणजे शक्ती वाटेत सांडत नव्हती. नंतर मोटर काढून चाकांना टिचकी मारली. ती एक फेरी घेण्यापूर्वीच थांबली! आसाच्या टोकाची नट इतकी आवळली होती की बेअरिंगे दोन्ही बाजूंनी दाबली गेली होती. नट कागदाच्या जाडीइतकी सैल करताच चाके गरगर फिरू लागली. मोटर परत बसविताना तिच्या चक्रालाही दात्यांत किंचित खेळ ठेवला. घड्याळाने साडेपाच सेकंद दाखविले.

उरलेल्या अर्ध्या सेकंदाचा उलगडा दाते मोजल्यावर झाला. जुन्या मोठ्या चक्राला चव्वेचाळीस दाते आणि मोटरीच्या चक्राला नऊ होते. चाकाच्या एका फेऱ्यास मोटरीचे ४.८९ फेरे पडत. नव्या भागाचे दाते अधिक बारीक. मोठ्याला त्रेपन्न, लहानाला दहा, म्हणजे ५.३ फेरे. तेवढ्यानेच वेग सुमारे आठ टक्क्यांनी उतरतो. यात बिघाड कसलाच नव्हता. होता तो निव्वळ भागाकार. दहाच्या जागी अकरा दात्यांचे चक्र मागवून बसविले, प्रमाण ४.८२ झाले, आणि धाव पुन्हा पाच सेकंदांवर आली. शिवाय पडवीच्या कोपऱ्यावर पूर्वी जी गाडी शेपूट फेकून उलटी फिरे, ती आता अलगद वळू लागली. नव्या भागाचा खरा गुण हा होता. पण सरळ वाटेवरच्या घड्याळाला तो कसा दिसावा?

त्या स्क्रूविषयी मात्र मला अजून विचार करावासा वाटतो. तो फार सैल ठेवला तर गोळ्या घसरतात आणि मोटरीची शक्ती वाया जाते. फार आवळला तर दोन चाकांचे जणू एकच चाक होते, आणि वळणावर कोणाला तरी फरफटत जावे लागते. आमच्या गावाचे नाव इतिहासात एका तहामुळे गेले. ३० डिसेंबर १८०३ रोजी सुर्जी-अंजनगावास झालेल्या त्या तहात दौलतराव शिंद्यांना पुष्कळ मुलूख इंग्रजांना सोडावा लागला. तो जेत्याने जितावर लादलेला तह होता. चाकांचा तह निराळा. त्यात कोणी कोणाला जिंकत नाही, फक्त वळणापुरते एकाने थोडे थांबावयाचे आणि दुसऱ्याने तेवढेच पुढे जावयाचे.

दादांचा आणि पुतण्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. मळ्याला माणूस हवा हे खरे, आणि मुलाला वाट लांबची आहे हेही खरे. बाहेरच्या चाकाची वाट लांबते ती त्याने गाडी सोडली म्हणून नव्हे, गाडी वळत असते म्हणून. आमचे घर सध्या वळणावर आहे. नट कोठे आवळली गेली आहे, एवढे तेवढे शांतपणे पाहिले पाहिजे.