पात्यातलं तीन टक्के रेनियम

जेट इंजिन आपल्याला अजून का जमत नाही यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं. ‘परदेशी कंपन्या फॉर्म्युला देत नाहीत’ हे उत्तर मला प्रत्येक व्याख्यानानंतर ऐकावं लागतं, आणि दर वेळी वाईट वाटतं. टर्बाइनच्या पात्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या सीएमएसएक्स-४ या मिश्रधातूची घटकद्रव्यं पाठ्यपुस्तकांत छापलेली आहेत. निकेलमध्ये कोबाल्ट, क्रोमियम, टंगस्टन, टँटलम, ॲल्युमिनियम आणि ३ टक्के रेनियम. खरी अडचण त्यापुढे सुरू होते.

टर्बाइनच्या पात्यावर येणारा वायू निकेलच्या वितळणबिंदूपेक्षा, म्हणजे १४५५ अंशांपेक्षाही तप्त असतो. आतून खेळवलेली हवा आणि वरचा सिरॅमिकचा थर यांमुळे धातू ११०० अंशांच्या आसपास राहतो. फिरण्याच्या ओढीनं तो कणाकणानं लांबत जातो. हाच क्रीप. कणसीमा, म्हणजे धातूतल्या स्फटिककणांमधले सांधे, सर्वांत आधी दगा देतात, म्हणून अख्खं पातं एकाच स्फटिकाचं ओततात. त्यात अर्ध्या मायक्रॉनचे, गॅमा प्राइम नावाच्या बळकटी देणाऱ्या प्रावस्थेचे घन खच्चून भरलेले असतात, जवळजवळ ७० टक्के. ॲल्युमिनियम आणि टँटलम त्या घनांत बसतात. रेनियम मात्र घनांमधल्या गॅमा या मूळ प्रावस्थेच्या चिंचोळ्या पट्ट्यांत राहतं. डिस्लोकेशन्स, म्हणजे स्फटिकरचनेतले रेषेसारखे दोष, याच पट्ट्यांतून सरकतात.

३ टक्के रेनियमनं पात्याची तापमान सोसण्याची क्षमता सुमारे ३० अंशांनी वाढली. कशी? १९८० च्या दशकात अणू एकेक करून मोजणाऱ्या ॲटम प्रोबखाली रेनियमचे नॅनोमीटरभर आकाराचे पुंजके दिसल्याचं प्रसिद्ध झालं आणि ‘पुंजके वाट अडवतात’ हे स्पष्टीकरण रूढ झालं. माझ्या पिढीनं तेच शिकवलं. पुढे २००८ साली एक्स-रे शोषणाच्या मोजमापांत पुंजके सापडले नाहीत. रेनियमच्या अणूंना एकमेकांचा शेजार नकोसाच असतो, असं गणितंही सांगू लागली. २०२० मध्ये रेनियम डिस्लोकेशन्सच्या गाभ्याशीच साचलेलं दिसलं. माझं मत या बाजूला आहे: मुळातच संथ असलेला हा अणू डिस्लोकेशनला चिकटला की तिला त्याला ओढत न्यावं लागतं. तरीही पुंजक्यांची आकृती नव्या पुस्तकांत छापली जाते, हे मला खटकतं.

मग रेनियम वाढवत का नाही? अलीकडे क्रीपच्या चाचणीत आमच्याकडचा एक नमुना अपेक्षेच्या बराच आधी तुटला. घटकांचं प्रमाण बिनचूक होतं. कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर डेंड्राइटच्या, म्हणजे ओतताना फांद्यांसारख्या वाढणाऱ्या स्फटिकाच्या, गाभ्यांत सुयांसारखी रेघोट्यांची दाटी. ओतताना रेनियम तिथे जास्त साचतं आणि ते इतकं मंद सरकतं, की भट्टीत तास न् तास ठेवूनही पुरतं पसरत नाही; त्या जादा रेनियममधूनच या सुया तयार होतात. नमुना त्या सुयांवरून तडकला, की सुयांनी आजूबाजूचं रेनियम आणि टंगस्टन ओढून घेतल्यामुळे तो भाग दुबळा पडला? अजून ठरवता येत नाही, आणि ते मनातून जात नाही. रुथेनियम घातलं तर सुया आवरतात. पण ते फार महाग.

हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेनं २०२१ मध्ये एकस्फटिक पाती बनवून हेलिकॉप्टर इंजिनासाठी हिंदुस्तान एरोनॉटिक्सला (एचएएल) दिली, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण क्रीपची चाचणी हजारो तास चालते. ती घाईनं उरकता येत नाही, आणि तिच्यापाशी बसायला माणूस लागतो. तुमच्या मुलाला किंवा मुलीला धातुशास्त्राला प्रवेश मिळाला, तर कृपा करून शाखा बदलायची घाई करू नका.