तीन हजार पत्रकं आणि एक काम

परवा भिशीला जमलो असताना एका मैत्रिणीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "अगं, यंदा मी फराळाच्या ऑर्डरी घेणार आहे. छान रंगीत पत्रकं छापून पेपरातून टाकू म्हणते. तू छापली होतीस ना? उपयोग होतो का गं?"

प्रश्न साधाच, पण उत्तर द्यायला भिशी संपेपर्यंतचा वेळ पुरला नाही. म्हटलं, एकदा सगळं नीट लिहूनच काढावं. आपल्यापैकी कितीतरी जणी हल्ली घर सांभाळून काही ना काही करतात. एखादीचे पैसे वाचले तरी पुष्कळ झालं.

आम्ही सांगलीला राहतो. ह्यांची बँकेतली नोकरी, दोन मुलं, सासूबाई, असं घर. बागेचं वेड मला माहेरचं. आमच्या घराभोवती मी जी काही बाग केली होती ती पाहून समोरच्या वहिनींनी त्यांची बाग लावून मागितली. मग त्यांच्या नणंदेची. असं करता करता हाताखाली एक माळीकाका आणि त्यांची सून आली आणि तीन वर्षांत अकरा बागा लागल्या. सगळ्या तोंडी ओळखीवर. कुणाकडे हळदीकुंकवाला गेलं की एखादं काम पदरात पडायचं.

पण हळदीकुंकू काही रोज नसतं! २०१७ च्या दिवाळीआधी मला भिशीचे १५,००० रुपये लागले. सासूबाई म्हणाल्या, "सोन्यात घाल." मी ते कागदात घातले.

भाच्यानं कॉम्प्युटरवर बसून पत्रक तयार केलं. मजकूर सगळा इंग्रजीत, वर मोठ्या अक्षरात 'लँडस्केपिंग'. तो म्हणाला, "मामी, गार्डन म्हटलं की लोकांना माळी आठवतो. लँडस्केपिंग म्हटलं की इंजिनिअर आठवतो." मला ते पटलं. फोटो त्यानं इंटरनेटवरून घेतले. पहिल्याच पानावर मोठ्या झाडांखाली गालिच्यासारखी हिरवळ आणि पांढरा बाक. आमच्या अकरा बागांपैकी एकीतही असलं काही नव्हतं. खाली मालक म्हणून ह्यांचं नाव आणि ह्यांचाच फोन नंबर. 'बाईच्या नावावर कोण मोठं काम देणार?' असं मला कुणी म्हटलं नव्हतं. मीच म्हटलं होतं.

प्रेसवाले काका प्रामाणिक होते. म्हणाले, "वहिनी, ऑफसेटला प्लेटचा आणि मशीन लावायचा खर्च एकदाच येतो. पुढं वाढतो तो फक्त कागद आणि शाईचा." हजार घेतली तर ७,००० रुपये आणि तीन हजार घेतली तर १२,०००. आता तुम्हीच सांगा, साडीच्या सेलात आपण काय करतो? तेच मी केलं. तीन हजार सांगून आले.

वसुबारसेच्या सकाळी पत्रकं पेपरातून गेली. मी पहाटेच उठून आमचा पेपर उघडला, तर आतून सात कागद जमिनीवर पडले. साड्या, सोफे, फ्रिज, दागिने... आणि त्यांत पाचवं माझं. ह्यांनी सातही गोळा करून रद्दीत ठेवले आणि पेपर वाचायला घेतला. दुपारी शेजारी गेले तर वहिनींनी गरम चकल्या निथळायला माझ्याच पत्रकावर काढलेल्या. त्यासुद्धा कुरकुरत होत्या, "मेला हा गुळगुळीत कागद तेलसुद्धा पीत नाही!"

महिन्याभरात चौदा फोन आले. तेही ह्यांना, बँकेच्या काउंटरवर. हे हळू आवाजात म्हणायचे, "मी जरा कामात आहे, संध्याकाळी करा." संध्याकाळी कोण करतंय? चौदांपैकी पाचजणांना चित्रकलेच्या क्लासची फी विचारायची होती. शाळेच्या चित्रकलेत लँडस्केप असतं ना! मी हसले खरी, पण त्या रात्री झोप लागली नाही.

शेवटी काम मिळालं ते एक. विश्रामबागेतला बंगला. बाईंनी पहिल्या पानावरच्या फोटोवर बोट ठेवलं. "अगदी असंच हवं." मी अंगणात नजर टाकली. पश्चिमेला भलंमोठं आंब्याचं झाड, खाली दिवसभर सावली आणि पायाखाली आपली सांगलीची काळी माती. ही माती पावसात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मेक्सिकन हिरवळीला दिवसाचं पाचसहा तास तरी स्वच्छ ऊन लागतं आणि मुळाशी पाणी साचलेलं मुळीच चालत नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. पण तीन हजार पत्रकांतून आलेलं ते एकच काम होतं. मी गप्प बसले.

फेब्रुवारीत हिरवळ लावली. उन्हाळाभर पाणी घालून कशीबशी तगवली. जुलै संपेपर्यंत आंब्याखाली तळं साचलं, गवत पिवळं पडलं आणि वर शेवाळं धरलं. बाईंनी मला बोलावून घेतलं. रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. त्यांनी ते पत्रक जपून ठेवलं होतं. पुढं करून म्हणाल्या, "हे तुमच्याच कागदावर आहे ना? मग आमच्याकडे का नाही झालं?"

काय सांगणार? तोंडी बोललेलं माणूस 'तसं नव्हतं म्हणायचं' म्हणून फिरवू शकतं. छापलेलं फिरवता येत नाही. तो फोटो माझा नव्हता, ती बाग माझी नव्हती आणि खाली नावही माझं नव्हतं. शब्द तेवढा माझा धरला गेला, आणि ते बरोबरच होतं.

घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, बोलतील. हे एवढंच म्हणाले, "चूक माहीत असून केलीस, तर भरून दे." पाऊस उघडल्यावर पदरच्या अकरा हजारांत ती जागा पुन्हा केली. पाणी बाहेर जायला एका बाजूनं चर काढला, मातीत मुरूम आणि शेणखत मिसळलं. आंब्याखाली गवताचा हट्ट सोडला. तिथं नेचे, सिंगोनियम आणि स्पायडर लिली अशी सावलीत राहणारी झाडं लावली, मधून खडीची पायवाट आणि बुंध्याशी दगडी कट्टा. डिसेंबरात बाई त्या कट्ट्यावर तूरडाळ निवडत बसलेल्या दिसल्या आणि माझ्या जिवात जीव आला. त्यांच्या परवानगीनं मी त्या कोपऱ्याचा एक फोटो काढला.

तोच फोटो माझ्या दुसऱ्या पत्रकावर आहे.

दुसरं पत्रक मी २०१९ च्या मे महिन्यात काढलं, मृगाच्या तोंडावर. बाग लावायचं मनात येतं ते तेव्हा. दिवाळीत माणसाच्या डोक्यात फराळ असतो, रोपं नसतात. हजारच छापली. मजकूर मराठीत. ठळक अक्षरात 'बागा लावून आणि राखून देतो'. काय करतो याच्या चार ओळी, आणि काय करत नाही याच्याही दोन: 'सावलीत हिरवळ लावत नाही. कीटकनाशकाची मोठी फवारणी करत नाही.' पहिल्या भेटीचे ३०० रुपये, काम दिल्यास बिलातून वजा, हेही स्पष्ट छापलं. भाचा म्हणाला, "मामी, पैसे लिहिलेस तर कुणी फोनच करणार नाही." पण नुसती चौकशी करणारे कमी झाले, एवढंच झालं.

कागद मुद्दाम साधा मॅपलिथो घेतला. गुळगुळीत कागदावर पेनाची शाई फिसकटते, यावर लिहिता येतं. पुढची बाजू रंगीत आणि मागची नुसत्या काळ्या शाईत. मागे बारा महिन्यांचं बागेचं वेळापत्रक दिलं. जानेवारीत मोगरा छाटा, मग खत आणि पाणी द्या. मे महिन्यात खड्डे काढून त्यांना ऊन खाऊ द्या. पाऊस संपला की ऑक्टोबरात गुलाब छाटा. प्रत्येक महिन्यापुढं थोडी मोकळी जागा सोडली, घरच्या बाईला काही टिपून ठेवायचं असेल तर.

ही मोकळी जागा सासूबाईंना आवडली. पण खाली माझं नाव आणि माझा फोन नंबर पाहिला मात्र, त्यांनी चष्मा काढून ठेवला. "सुनेचं नाव नि नंबर गावभर वाटायचा? रात्री-अपरात्री कुणी फोन केला तर?"

त्यांची काळजी खोटी नव्हती. मी वेगळा नंबर घेतला आणि पत्रकावर वेळ छापली: सकाळी ११ ते सायंकाळी ५. दोनचार वेडेवाकडे फोन आले, नाही असं नाही. ते नंबर बंद करून टाकले. सासूबाई दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी वेळापत्रकाचं प्रूफ हातात घेऊन आल्या. "नुसता जून लिहू नकोस. माझ्यासारखीला जून कळत नाही, मृग कळतो. रोहिणीत खड्डे, मृगात रोपं, असं लिही." तसं लिहिलं. प्रूफही त्यांनी, ह्यांनी आणि मी असं तिघांनी वाचलं. फोन नंबर तर मी एकेक आकडा मोठ्यानं म्हणून ताडून पाहिला.

वाटण्याचीही रीत बदलली. पाचशे पेपरातून टाकली, पण तीही जिथं नवी घरं होत होती त्या दोनच भागांत. दोनशे रंगाच्या आणि कुंड्यांच्या दुकानांत ठेवली. घराला रंग झाला की माणसाचं लक्ष अंगणाकडे जातं ना! उरलेली तीनशे मी आणि माळीकाकांची सून, दोघी मिळून हातोहात दिली. कोपऱ्यात रबरी शिक्क्यानं अ, ब, क अशी अक्षरं मारली. फोन आला की आधी विचारायचं, "पत्रकावर कोपऱ्यात कुठलं अक्षर आहे हो?" समोरच्याला गंमत वाटायची आणि मला हिशेब मिळायचा. जुलैअखेर तेवीस फोन आले आणि आठ कामं झाली. सर्वांत कमी फोन पेपरातल्या पाचशेंचे आणि सर्वांत जास्त हातानं दिलेल्या तीनशेंचे. ह्या दुसऱ्या पत्रकाचा छपाईखर्च ५,००० च्या आत होता.

पुढं ऑगस्टात कृष्णेचं पाणी गावात शिरलं. २०१९ चा तो महापूर आठवला की अजून पोटात गोळा येतो. आमची गल्ली उंचावर म्हणून वाचली. मी लावलेल्या दोन बागा मात्र गाळाखाली गेल्या. लोकांचे संसार वाहून गेलेले, तिथं बागेचं नाव काढायचीही लाज वाटावी असे ते दिवस. आम्ही भाकरी करून पाठवत होतो. माझा नंबर तीन-चार महिने वाजलाच नाही. मी मनानं धंदा गुंडाळला होता.

डिसेंबरात एक फोन आला. पुराच्या भागातल्या बाई. म्हणाल्या, "तुमचा कागद माझ्या स्वयंपाकघरात वरच्या फडताळाच्या दारावर चिकटवलेला आहे. पाणी ओट्याच्या वर गेलं होतं, पण तिथंवर पोचलं नाही. त्यावर जानेवारीत मोगरा छाटा असं लिहिलंय. आमचा मोगरा तर गेला. पुन्हा लावता येईल का हो? सासूबाईंच्या हातचा होता."

मी दुसऱ्याच दिवशी गेले. ३०० रुपये काही घेतले नाहीत. अंगणातला वरचा गाळ आम्ही काढून घेतला, जागा मोकळी केली आणि मृगात दोन कलमं लावायचं ठरवलं. निघताना त्यांनी तो कागद दाखवला. 'मृग' शब्दापुढच्या मोकळ्या जागेत त्यांनी पेनानं लिहिलं होतं: मोगरा, दोन.

हल्ली सगळे म्हणतात, मोबाईलवर एक निरोप टाकला की शंभर जणांना पोचतो, कागद कशाला? मीही टाकते निरोप. पण तो दुपारपर्यंत वर सरकून जातो. फडताळाच्या दारावर राहतो तो कागदच. मात्र तिथं तो तेव्हाच राहतो, जेव्हा त्यात घरच्या बाईच्या रोजच्या उपयोगाचं काही असतं.

म्हणून भिशीतल्या मैत्रिणीला मी सांगितलं, थोडीच छाप. कोणता जिन्नस, किलोला काय भाव, कोणत्या तेलातला, ऑर्डर कोणत्या तारखेपर्यंत, हे स्वच्छ लिही. फोटो तुझ्याच ताटाचा घाल, दुसऱ्याच्या नको. आणि वसुबारसेला नको, नवरात्रातच वाट.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "आणि नाव? ह्यांचं घालू की माझं?"

मी म्हटलं, "चकल्या कोण तळणार आहे?"