हॅमरस्मिथची कन्याशाळा

लंडनच्या पश्चिमेस, टेम्स नदीच्या उत्तर तीरावर, हॅमरस्मिथ नांवाची गजबजलेली वस्ती आहे. भुयारी आगगाडीच्या स्टेशनांतून वर येऊन हॅमरस्मिथ रोडनें थोडें चालत गेलें, कीं मोटारींच्या त्या गर्दींतच तांबड्या विटांची, जुन्या घाटाची एक प्रशस्त इमारत दिसूं लागते. वेस्टमिन्स्टरचें प्रसिद्ध कॅथलिक कॅथीड्रल ज्यानें आंखलें, त्या जॉन फ्रान्सिस बेंटले या स्थापत्यविशारदानेंच 1876 पासून हिचें काम केलें. तेव्हां ती पाद्री तयार करण्याची पाठशाळा होती. 1893 सालीं ती सेक्रेड हार्ट संघाच्या मठवासिनींकडे आली, आणि आज तेथें सेक्रेड हार्ट हायस्कूल ही मुलींची माध्यमिक शाळा भरते.

आपल्याकडे ‘कॉन्व्हेंट’ हा शब्द उच्चारला, कीं भारी फी, भारी इंग्रजी आणि वडीलधाऱ्यांची कुजबुज या तीन गोष्टी बरोबरच येतात. येथें फीचा प्रश्नच नाहीं. शाळा कॅथलिकांची, पण खर्च सरकारचा. मुलीच्या शिक्षणासाठीं आईबापांस एक पेनीहि फी द्यावी लागत नाहीं. हें कसें जमलें तें समजून घ्यावें म्हणून मी मुद्दाम त्या रस्त्यास गेलों होतों, आणि त्याचें कारण अगदीं घरगुती होतें.

माझा मुलगा गेलीं बारा वर्षें पश्चिम लंडनमध्यें राहतो. नातीस माध्यमिक शाळेंत घालण्याची वेळ आली होती. घराजवळची मुलींची चांगली शाळा म्हणजे एक कॅथलिक शाळा. हॅमरस्मिथची नव्हे, पण त्याच जातीची. अशा शाळांत कॅथलिक मुलींना अग्रहक्क असतो. तथापि जागा उरल्यास इतरांस नाकारतां येत नाहीं, आणि या शाळेंत दरवर्षीं कांहीं जागा उरतात असें कळलें. सूनबाई म्हणाली, “मामंजी, तुम्ही आलांच आहांत, तर तुमचेंहि मत सांगा.”

मत देणें मला सोपें नव्हतें. आमची अक्का बारा वर्षांची असतां, 1955 सालीं, एका कॉन्व्हेंट शाळेंत जात असे. गणितांत तिचा हात धरणारें घरांत कोणी नव्हतें. एके दिवशीं फुलें तोडतांना ती येशूचें एक गाणें गुणगुणत होती, तें वडिलांनीं ऐकलें, आणि दुसऱ्या दिवसापासून तिची शाळा बंद झाली. जवळ मुलींची दुसरी शाळा नव्हती. पुढें लग्न झालें आणि शिक्षण राहिलें तें राहिलेंच. वडील दुष्ट नव्हते. ते भ्याले होते. 1893 सालीं पुण्यांत पंडिता रमाबाईंच्या शारदासदनाविषयीं जें वादळ उठलें, त्याच्या कथा ऐकत ते वाढले होते. तीच भीति आतां माझ्या दाराशीं आली होती.

हॅमरस्मिथचा इतिहास चाळूं लागलों, तों पहिलेंच नांव ओळखीचें निघालें. 1661 सालच्या विवाहकरारान्वयें ज्या पोर्तुगीज राजकन्येबरोबर मुंबई बेट इंग्लंडच्या दुसऱ्या चार्लस राजाला आंदण मिळालें, ती ब्रगांझाची कॅथरिन कॅथलिक होती. तिच्याच आश्रयानें 1669 च्या सुमारास फ्रान्सिस बेडिंगफील्ड या बाईनें कॅथलिक मुलींना शिकविण्याचें काम आरंभिलें आणि तें हॅमरस्मिथला स्थिरावलें. कॅथलिक मठ उघडपणें काढण्याची तेव्हां इंग्लंडांत सोय नव्हती. म्हणून या मठवासिनी साध्या गृहिणींच्या वेषांत वावरत. पुढें तर शाळा चालविणाऱ्या कॅथलिकास जन्मठेपेची शिक्षा सांगणारा कायदा झाला. 1700 सालीं अंमलांत आलेली ही शिक्षा 1778 पर्यंत कायद्यांत राहिली. आजची तांबडी इमारत त्याच जुन्या मठाच्या जागेवर उभी आहे.

हें वाचून मी थबकलों. ज्या पंथाच्या शाळेला माझे वडील भ्याले, त्याच पंथाच्या आईबापांनीं आपल्या मुली शिकविण्यासाठीं केवढी भीति सोसली होती!

1829 सालीं कॅथलिकांवरील बहुतेक बंधनें उठलीं. आयर्लंडांतील दुष्काळामुळें हजारों गरीब कुटुंबें इंग्लंडच्या शहरांत आलीं, आणि त्यांच्या मुलांसाठीं पाद्र्यांनीं व मठवासिनींनीं शाळा काढल्या. 1847 पासून त्यांस सरकारी अनुदान मिळूं लागलें. 1902 च्या कायद्यानें स्थानिक करांतून मदत देण्याचें ठरतांच, परक्या पंथाच्या शाळांसाठीं आम्हीं कर कां भरावा, असें म्हणून पुष्कळ प्रॉटेस्टंटांनीं कर नाकारला. अखेर 1944 च्या कायद्यानें तडजोड झाली. माध्यमिक शिक्षणाची फी बंद झाली; शिक्षकांचे पगार सरकारनें द्यावयाचे, शाळेचें धार्मिक वळण पंथानें राखावयाचें, आणि इमारतीच्या खर्चाचा निम्मा भार पंथानें उचलावयाचा असें ठरलें. साहाय्यित शाळांत हा भार आतां साधारणतः दहाव्या हिश्शावर आला आहे. मुलीस धर्मशिक्षणांतून व प्रार्थनेंतून वगळावें असें आईबापांनीं कळविल्यास शाळेस तें मानावें लागतें. आपल्या राज्यघटनेच्या 28 व्या कलमांतहि, संमतीवांचून कोणावर धर्मशिक्षण लादूं नये, हेंच तत्त्व आहे.

सेक्रेड हार्ट संघ 1800 सालीं फ्रान्समध्यें स्थापन करणारी मॅडेलीन सोफी बारा ही पिंपें बनविणाऱ्या कारागिराची मुलगी. तिच्या कडक भावानें तिला लॅटिन व ग्रीक शिकविलें. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनीं आपल्या पत्नीस व मुलीस संस्कृत शिकविलें, त्याची येथें आठवण होते. मुंबईचें सोफिया महाविद्यालय 1940 सालीं काढलें तें याच संघानें. तेथें शिकलेल्या मुली आपल्यांपैकीं कित्येक घरांत सांपडतील.

ऑक्टोबरमध्यें नातीच्या होऊं घातलेल्या शाळेंत पालकांसाठीं एक संध्याकाळ होती. आम्हांस शाळा दाखविण्यास तेरा वर्षांची एक चुणचुणीत मुलगी आली. तिची आजी मूळची म्हापशाची. बाकीच्या मुली आयरिश, पोलिश, फिलिपिनो, नायजेरियन, केरळीय अशा नाना घरांतल्या. प्रार्थनामंदिर पाहिलें आणि त्याला लागूनच असलेली प्रयोगशाळाहि पाहिली. अभ्यासाच्या वेळेचा सुमारें दहावा हिस्सा धर्मशिक्षणास जातो. सोळाव्या वर्षींच्या परीक्षेस तो एक पूर्ण विषय असून त्यांत स्वधर्माबरोबर यहुदी धर्माचाहि अभ्यास करावा लागतो. उरलेल्या वेळांत गणित, शास्त्रें, भाषा, इतिहास हें सर्व इतर शाळांप्रमाणेंच. मुलींच्या शाळेचा एक लाभहि नमूद केला पाहिजे. इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्स या संस्थेच्या 2012 च्या अहवालाप्रमाणें, इंग्लंडांतील सरकारी शाळांपैकीं केवळ मुलींच्या शाळांतून पुढें पदार्थविज्ञान घेणाऱ्या मुलींचें प्रमाण मिश्र शाळांच्या सुमारें अडीच पट होतें.

मीं एका शिक्षिकाबाईंस विचारलें, “प्रार्थनेच्या वेळीं आमची मुलगी काय करील?” त्या म्हणाल्या, “स्वस्थ उभी राहील, किंवा मनांत तिची स्वतःची प्रार्थना म्हणेल. आपणांस तेंहि नको असेल तर तसें लिहून द्या.” उत्तर सरळ होतें. तरी पण शाळेचें वळण तासापुरतें नसतें, तें भिंतींत मुरलेलें असतें, हें मला दिसत होतें. शिवाय पंथ पाहून प्रवेश दिला, कीं एका गल्लींतलीं मुलें वेगळाल्या वाटांनीं जातात, हा आक्षेपहि खोटा नव्हे.

त्या रात्रीं अक्काला पुण्यास टेलिफोन केला. सर्व सांगितलें. ती वेळभर बोलली नाहीं. मग म्हणाली, “गणित कोण शिकवतं? नीट शिकवतात ना?” नीट शिकवितात असें मीं सांगितलें. “मग घाला. आणि पोर एखादं गाणं म्हणाली, तर तिला शाळेतून काढूं नका. घरांत आपलंहि एक शिकवा. मला तें जुनं अजून येतं, आणि मी रामरक्षाहि रोज म्हणतें.”

वडिलांविरुद्ध एक अक्षरहि ती बोलली नाहीं. पण आपला धर्म जपण्याचें काम घराचें. तें घरानें केलें नाहीं म्हणून शाळेचें दार लावून घेतल्यास दंड मुलीला होतो, हें मला त्या रात्रीं जितकें स्पष्ट कळलें तितकें पूर्वीं कधीं कळलें नव्हतें.

लंडनमध्यें अर्जांत सहा शाळांचीं नांवें पसंतीक्रमानें लिहितां येतात आणि तो 31 ऑक्टोबरपर्यंत द्यावा लागतो. मुलानें पहिल्या ओळींत त्याच शाळेचें नांव घातलें. मार्चच्या पहिल्या तारखेस होकार आला. नात आतां तेथें जाते. संध्याकाळीं सूनबाई तिच्याकडून परवचा म्हणवून घेते, आणि दर रविवारीं टेलिफोनवर अक्का तिला एक गणित घालते.