जयपूर हाऊसमधील एक तास

दिल्लीस जाणारे कुटुंब लाल किल्ला पाहते, कुतुबमिनार पाहते, संध्याकाळी इंडिया गेटपाशी विसावते आणि परततो. तेथून जवळच असलेल्या जयपूर हाऊसकडे पावले क्वचितच वळतात. जयपूरच्या महाराजांसाठी १९३६ मध्ये बांधलेली, फुलपाखरासारख्या आकाराची ही वास्तू. १९५४ पासून येथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. आपण येथे जरूर जा, आणि सय्यद हैदर रझा व वासुदेव गायतोंडे यांची चित्रे कोठे आहेत याची प्रथम चौकशी करा. भिंतींवरील मांडणी बदलत असते. त्या दिवशी दोघेही भेटले, तर आपल्यापुरते दोघांचेच प्रदर्शन भरले आहे असे समजावे.

दोघांचे धागे नागपूरशी जुळतात. रझा १९२२ मध्ये मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यात जन्मले व चित्रकलेचे पहिले धडे त्यांनी नागपुरात गिरवले. गायतोंडे यांचा जन्मच १९२४ मध्ये नागपूरचा, घराणे गोमंतकीय. पुढे दोघेही मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकले. १९५० मध्ये रझा पॅरिसला गेले आणि १९५६ मध्ये तेथील समीक्षकांचा पुरस्कार त्यांनी मिळवला. तो मिळवणारे ते पहिले परदेशी चित्रकार. पुढच्याच वर्षी टोकियोतील तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात गायतोंडे यांना प्रथम पारितोषिक मिळाले.

मी प्रथम गेलो तेव्हा नागपूरची माझी वृद्ध मावशी बरोबर होती. रझांच्या चित्रापुढे तिला काही सांगावे लागले नाही. काळा बिंदू, त्याभोवती रंगांचे चौकोन व त्रिकोण पाहून ती एवढेच म्हणाली, "देवघरात आल्यासारखं वाटतं." बालपणी शाळेत मन लागेना म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहत बसायला लावले होते, ही आठवण रझा सांगत असत. निसर्गचित्रे काढणारा हा चित्रकार फ्रान्समध्ये राहून उतारवयात त्याच ठिपक्याकडे परतला. १९८१ च्या 'माँ' या चित्रात तर त्यांनी हिंदी कवितेची ओळच रंगवली आहे. सुमारे साठ वर्षांनी, २०१० च्या अखेरीस, ते भारतात परतले. २०१६ मध्ये निधनानंतर मंडल्यालाच वडिलांशेजारी विसावले.

गायतोंडे यांच्या चित्रापुढे मात्र मावशी अडली. "अरे, हे कशाचं चित्र?"

मी व्याख्यान सुरू केले. अमूर्त चित्रकला म्हणजे काय, वगैरे. खुद्द गायतोंडे यांना 'अमूर्त' हा शब्दही पसंत नव्हता. आपली चित्रे वस्तुनिरपेक्ष आहेत, असे ते म्हणत. बहुतेक चित्रांना त्यांनी नावही दिलेले नाही. रोलरने व रंगपट्टीने ते रंगाचे थर चढवीत, खरवडीत, पुन्हा चढवीत. वर्षाकाठी मोजकीच चित्रे पुरी होत. आयुष्याची शेवटची सुमारे तीन दशके ते दिल्लीतच एकाकी राहिले. १९८४ मधील अपघातानंतर काही काळ मोठा कॅनव्हास हाताळणे अशक्य झाले, तेव्हा कागदावर शाईने लहान लहान आकार काढीत राहिले. २००१ मध्ये ते वारले.

माझे बोलणे संपण्याआधीच मावशी समोरच्या बाकावर बसली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "विहिरीत वाकून पाहिलं, की आधी काहीच दिसत नाही. मग हळूहळू दिसायला लागतं."

विहिरीची उपमा गायतोंडे यांना बहुधा रुचली नसती. मला मात्र आजवर त्या चित्राविषयी याहून नेमके काही सुचलेले नाही. म्हणून मुलांना नेलेत तर आरंभ रझांपासून करा. तेथे हाती धरायला एक बिंदू मिळतो. गायतोंडे यांच्यापुढे तसे काही नाही. तेथे बसून राहावे लागते, आणि मुलांनी चुळबुळ केली तर रागावू नये.

त्या दिवशी आमची परतीची गाडी रात्रीची होती. मी तीनदा घड्याळ पाहिले. मावशी बाकावरून उठायला तयार नव्हती.