माझे आवडते व्हिडिओ गेम



‘माझा आवडता खेळ’ हा निबंध वर्गात देताना मी मुलांना माझेही खेळ सांगतो. आमच्या लहानपणी बारामती-इंदापुरात व्हिडिओ गेम म्हणजे टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला डबा. निंटेंडोने १९८३ साली जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉमची ती स्वस्त नक्कल, हे फार नंतर कळलं.

माझे आवडते दोन, मारिओ आणि कॉन्ट्रा. मारिओत सेव्ह करायची सोयच नव्हती. लोडशेडिंग झालं की आठव्या जगात पोचलेला गडीही परत पहिल्यापासून! चिकाटी तिथे शिकलो. कॉन्ट्रा दोघांनी खेळायचा. धबधब्याच्या टप्प्यात एकजण घाईने वर चढला की खाली राहिलेला मरायचा. म्हणून थांबायचं, सोबत्याला वर येऊ द्यायचं. गटकार्य म्हणजे काय, ते मला डी.एड.च्या आधी इथेच समजलं.

आज मूल मोबाईलवर बहुतेक वेळा एकटंच खेळतं. पालकहो, मोबाईल नुसता हिसकावून घेऊ नका. दोघांचा एखादा खेळ निवडा, शेजारी बसा, दोन डाव खेळा. मग त्याच खेळावर पाच वाक्ये लिहायला सांगा. लिहायचा कंटाळा करणारी मुलंही लिहितात, हा माझा वर्गातला अनुभव आहे.