साठ ग्रॅम शिसे

वाचकहो, आमचा जन्म गेला हिशेबाच्या वह्यांत. बी.कॉम. झालो, कचेरीत कारकून म्हणून लागलो आणि संध्याकाळी वस्तीतल्या अभ्यासिकेचे काम पाहू लागलो. जमा आणि नावे जुळली की ताळेबंद बरोबर, एवढाच तोल आम्हांला ठाऊक. विमानालाही तोल असतो आणि तो आपल्या हाताने बिघडवला तर काय होते, हे आम्ही फार उशिरा शिकलो. ही हकीकत सांगताना आम्हांला आजही लाज वाटते. पण पालकांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

आम्ही नाशिकचे. जवळच ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना. तिथे मिग-२१ बनली, पुढे सुखोई-३० बनली आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथे तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने आकाशात झेप घेतली. डोक्यावरून आवाज गेला की अभ्यासिकेतली पोरे पुस्तक सोडून अंगणात धावतात. त्यातूनच रिमोटवर उडणाऱ्या जेटची टूम निघाली. आठ महिने वर्गणी जमली. कोणी पेपर टाकले, कोणी लग्नसराईत वाढप्याचे काम केले. खजिनदार अर्थात आम्हीच. शेवटी एक जुने मॉडेल मिळाले: फोमचे, वजन एक किलो, पोटातल्या नळीत विजेवर फिरणारा छोटा पंखा आणि नाकात चिकटवलेला साठ ग्रॅम शिशाचा तुकडा.

तो तुकडा आमच्या डोळ्यांत खुपला. उडणाऱ्या वस्तूला हे ओझे कशाला? बारावीतला एक मुलगा सगळ्यांत हुशार, तोच उडवणार होता. तो म्हणाला, "काका, माहितीपत्रकात पंखावर तोलाची खूण दाखवली आहे, ती एकदा पाहू या." आम्ही म्हणालो, "तीस माणसांचा हिशेब आम्ही सांभाळतो, हे एवढे कळत नाही का?" आणि शिसे काढून खिशात टाकले.

ओझरच्या आसपास असले काही उडवता येत नाही. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे आकाशाचे हिरवे, पिवळे आणि तांबडे पट्टे ठरलेले आहेत. नकाशा पाहून आम्ही सिन्नरच्या बाजूला हिरव्या पट्ट्यातला एक मोकळा माळ गाठला. पोरांचे आईबाप डबे घेऊन आले होते. एकाने विमान हातातून फेकले. त्याने एकदम नाक वर केले. मुलाने नाक खाली दाबले, तर ते भलतेच खाली गेले. पुन्हा वर, पुन्हा खाली, दर खेपेला जास्त. सात-आठ सेकंदांत विमान माळावर आपटले. बॅटरी चेपली होती. अशी बॅटरी पेट घेऊ शकते, म्हणून ती तेवढी वाळूच्या बादलीत ठेवली. आणि मग चारचौघांत आम्ही त्या मुलाला म्हणालो, "हात थरथरतात तुझे. आठ महिन्यांची कमाई मातीत घातलीस."

तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून अभ्यासिकेत यायचा बंद झाला.

आठवड्याने सदरा धुवायला टाकताना खिशातून तो तुकडा पडला. त्या रात्री आम्ही माहितीपत्रक पहिल्यांदा नीट वाचले. वाचले ते असे. बाणाचे वजन टोकाकडे असते आणि पिसे मागे, म्हणून तो सरळ जातो. विमानाचेही तसेच. वाऱ्याच्या झोताने नाक वर झाले की पंख आणि शेपूट मिळून हवेची जादा उचल तयार होते. ही जादा उचल एका ठरावीक बिंदूतून काम करते. त्याला तटस्थ बिंदू म्हणतात. वजनाचा मध्य त्या बिंदूच्या पुढे असेल, तर ती उचल शेपटाकडची बाजू वर ढकलते आणि नाक आपोआप खाली येते. धक्का बसल्यावर असे वाटेवर परत येण्याच्या गुणाला स्थैर्य म्हणतात. वजनाचा मध्य मागे गेला, की तीच उचल नाकाला आणखी वर लोटते. वजन फार पुढे नेले तरी अडचणच. विमान वळायला जड होते आणि उतरताना वेग कमी करता येत नाही.

मग पगाराच्या चिठ्ठीमागे हिशेब मांडला. वजनाचा मध्य तटस्थ बिंदूच्या पुढे दोन सेंटिमीटर होता. नाकातले ६० ग्रॅम, मध्यापासून ४० सेंटिमीटरवर, गुणाकार २४००. उरलेले वजन ९४० ग्रॅम. भागाकार केला तर मध्य मागे सरकला अडीच सेंटिमीटर. म्हणजे अर्धा सेंटिमीटर पलीकडे. ते विमान कोणाच्याही हातात पडलेच असते. त्यातून जेट. पुढे पंखा असलेल्या विमानात निदान पंख्याचा वारा शेपटीवर जातो. जेटमध्ये वारा नळीतून मागे निघून जातो आणि वेग येईपर्यंत शेपटीची फळी जवळजवळ निकामी असते. त्या पोराने सात-आठ सेकंद ते हवेत धरले, हेच त्याचे कसब.

दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो. आई म्हणाली, "भाऊ, पोरगं जेवतच नाही नीट." चिठ्ठी आणि शिसे दोन्ही त्याच्यापुढे ठेवले आणि म्हणालो, "चूक आमची. तुझी नाही." त्याने हिशेब दोनदा तपासला. मग हळूच विचारले, "काका, हे सगळ्यांसमोर सांगाल?" रविवारी अभ्यासिकेत सगळ्यांसमोर सांगितले. नव्या बॅटरीचे पैसे आमच्या पगारातून दिले.

फोम चिकटवला, शिसे नाकात परत बसवले. खुणेवर दोन्ही पंखांखाली बोटे ठेवून विमान उचलले, तर नाक किंचित खाली झुकले. तसेच हवे असते. ह्या खेपेला ते सरळ गेले, वाऱ्याने डुलले आणि आपले आपण सावरले.

परतताना मुलाने विचारले, "काका, तेजस तर मुद्दाम अस्थिर बनवलेले आहे ना? मग ते कसे पडत नाही?" उत्तर त्यानेच वाचून आणले. अस्थिर विमान चटकन वळते, म्हणून लढाऊ विमान तसे बनवतात. पण वैमानिकाच्या हाताआधी संगणक दर सेकंदाला कितीतरी वेळा फळ्या हलवून ते सावरत असतो. ४ जानेवारी २००१ रोजी बंगळूरला तेजसने पहिले उड्डाण केले, ते ह्याच भरवशावर. आमच्या मॉडेलला फक्त पोराचे दोन अंगठे.

पालकांनी घरी एक करून पाहावे. कागदाचे विमान करा, नाकाला टाचणी लावून फेका. मग तीच टाचणी शेपटीला लावून फेका. मुले स्वतःच फरक सांगतील. आणि मूल एखादी खूण तपासायला सांगेल, तेव्हा ती तपासा. तो शिशाचा तुकडा आमच्या खिशात आठवडाभर होता आणि दोष मात्र पोराच्या हाताला लागला होता.